बटरफ्लाय मिल्कवीड बियांपासून वाढवताना: कामांचा क्रम आणि नेमक्या चुका

दर वर्षी जूनच्या सुरुवातीला, शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून मला जवळजवळ एकच तक्रार ऐकायला मिळते. मे महिन्यात बटरफ्लाय मिल्कवीडचे बी पेरले, रोज पाणी घातले, शेजारच्या वाफ्यात मेथी आणि कोथिंबीर तरारून आली, पण मिल्कवीडचा एकही कोंब दिसला नाही. काही जणांची तक्रार वेगळी असते: रोपवाटिकेतून आणलेले रोप पहिल्या वर्षी जगले, पण पुढच्या मे महिन्यात तिथे काहीच न दिसल्याने त्यांनी ती जागा खणून टोमॅटो लावले. दोन्ही प्रसंगी बी किंवा रोप बहुधा निर्दोष असते आणि चूक कामांच्या क्रमात असते. ही प्रेअरीची, म्हणजे इथल्या गवताळ माळरानाची, वनस्पती आधी हिवाळा मागते, मग मूळ खोल घालते आणि त्यानंतरच फुलते. पुढील सर्व तारखा उत्तर इलिनॉयच्या हवामानाला धरून दिल्या आहेत. मिनेसोटात राहणाऱ्यांनी वसंतातील कामे दोन आठवडे पुढे ढकलावीत आणि मिझुरीत राहणाऱ्यांनी ती तितकीच अलीकडे घ्यावीत.

टप्पा १: आपल्याला नेमकी कोणती वनस्पती हवी आहे हे निश्चित करणे

मिल्कवीड हे एका मोठ्या गटाचे नाव आहे, त्यामुळे पाकिटावर किंवा कुंडीवर अस्क्लेपियस ट्यूबरोसा हे वनस्पतिशास्त्रीय नाव वाचल्याशिवाय खरेदी करू नये. हे झुडूप दीड ते अडीच फूट वाढते, त्याची पाने अरुंद व लवदार असतात आणि जून ते ऑगस्टच्या दरम्यान त्यावर गडद केशरी फुलांचे सपाट झुबके येतात.

आपल्या लोकांची सर्वांत अधिक फसगत होते ती अस्क्लेपियस क्युरासाविका या उष्णकटिबंधीय मिल्कवीडमुळे, कारण ती आपल्याला बालपणापासून परिचित असते. महाराष्ट्रातील अंगणांत तिला हळदीकुंकू म्हणतात, आणि लाल-पिवळ्या फुलांचे ते रोप इथल्या दुकानात दिसले की हात आपोआप तिकडे जातो. ती मूळची उष्ण अमेरिकेतील असून इथल्या प्रेअरीची नाही. इलिनॉयच्या थंडीत ती मरते. टेक्सास किंवा फ्लोरिडासारख्या उबदार राज्यांत मात्र ती हिवाळ्यातही हिरवी राहते आणि तिच्या पानांवर मोनार्क फुलपाखराच्या एका परजीवीचे बीजाणू साचत जातात. देशी मिल्कवीड दर वर्षी जमिनीपर्यंत वाळते, त्यामुळे तो साठा दर वर्षी नाहीसा होतो.

तपासणी: पान देठापाशी तोडून पाहावे. हळदीकुंकवाला आणि रस्त्याकडेच्या कॉमन मिल्कवीडला पांढरा चीक येतो, अगदी आपल्या रुईसारखा. बटरफ्लाय मिल्कवीडला पांढरा चीक येत नाही. तिचा रस पाण्यासारखा असतो. रस डोळ्यांना लागू देऊ नये आणि कोणतेही मिल्कवीड लहान मुलांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या तोंडात जाऊ देऊ नये, कारण या गटातील वनस्पती विषारी असतात.

सावधान: भारतातून येताना कोणतेही बी पिशवीत घालून आणू नये. अमेरिकेत पेरणीचे बी आणण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्याचप्रमाणे पुण्या-नाशिकच्या वाचकांनी ही प्रेअरीची वनस्पती तिकडे नेण्याचा विचार करू नये. तिथल्या रुईवर मोनार्कच्याच जातकुळीतील केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात, आणि पडीक कोपऱ्यातली रुई न तोडणे हे तिथले सर्वांत सोपे काम आहे.

टप्पा २: जागा निवडणे

या झाडाला खत किंवा सुपीक माती लागत नाही. ऊन आणि निचरा लागतो. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल आणि पाऊस थांबल्यावर पाणी साचून राहणार नाही अशी जागा शोधावी. छपराचे पाणी जिथे उतरते, लॉनच्या फवाऱ्याचे पाणी जिथे रोज पडते किंवा वसंतात बर्फ वितळून जिथे चिखल होतो, त्या जागा वगळाव्यात. हे झाड कोरड्या, रेताड, निकृष्ट मातीत समाधानाने वाढते, पण हिवाळ्यात मुळाशी पाणी राहिले तर कुजते.

निचरा पारखण्यासाठी एक फूट खोल आणि तितकाच रुंद खड्डा करावा, तो पाण्याने भरून रिकामा होऊ द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी संध्याकाळपर्यंत उतरले तर जागा योग्य आहे. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी असेल, तर तिथे हे झाड लावू नये. आपल्या उपनगरांतील नव्या वसाहतींमध्ये घर बांधताना वरची माती काढून घेतलेली असते आणि खाली घट्ट चिकणमाती उरते, त्यामुळे ही परीक्षा टाळू नये. अशा ठिकाणी सहा ते आठ इंच उंचीचा रुंद उंचवटा करून त्यावर लागवड करणे शक्य असते. चिकणमातीत थोडीशी वाळू मिसळण्याचा उपाय मात्र करू नये, कारण ते मिश्रण सुकल्यावर विटेसारखे घट्ट होते. जागा खरोखरच ओली असेल, तर हट्ट सोडून तिथे स्वॅम्प मिल्कवीड लावावे. त्याला ओल आवडते.

खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालील वायू व विजेच्या वाहिन्या आखून घ्याव्यात. घर गृहसंस्थेच्या नियमांखाली असेल तर पुढच्या अंगणातील लागवडीची लेखी परवानगीही याच वेळी घ्यावी. रोपे फुटल्यावर परवानगी मागणे फार कठीण जाते.

टप्पा ३: गवत मारणे, आणि तेही आदल्या उन्हाळ्यात

लॉनचे गवत जिवंत असताना त्यात बी टाकल्यास ते वाया जाते. रोपाचा पहिल्या वर्षीचा सारा जोर जमिनीखाली असतो आणि वरच्या दोन-चार पानांना गवताशी झुंजता येत नाही. म्हणून पेरणीच्या आधीच्या जूनमध्येच कामाला लागावे.

गवत अगदी बुंध्याशी कापून, जागा भिजवून, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरावे आणि कडा मातीने बंद कराव्यात. ऐन उन्हाळ्यात सहा ते आठ आठवडे ते तसेच ठेवल्यास गवत आणि वरच्या थरातील बरेचसे तणाचे बी भाजून निघते. जागेवर दिवसभर कडक ऊन नसेल, तर त्याऐवजी काळे जाड प्लॅस्टिक किंवा पुठ्ठ्यांचे थर संपूर्ण हंगामभर ठेवावेत. पुठ्ठ्यावरील चिकटपट्टी आधी काढावी.

सावधान: गवत मेल्यावर जमीन नांगरल्यासारखी उलथू नये. आपल्याकडच्या शेतीच्या सवयीने हात शिवशिवतात हे मला ठाऊक आहे, परंतु खोल खणले की खाली झोपलेले तणाचे बी वर येते. वरचा अर्धा इंच दाताळ्याने खरवडणे पुरेसे आहे.

टप्पा ४: बी किंवा रोप मिळवणे

देशी वनस्पतींचे बी विकणाऱ्या, आपल्या प्रदेशातील विक्रेत्याकडून बी घ्यावे. ओरेगन किंवा टेक्सासमधील बियांपासून आलेल्या झाडांच्या फुटण्याच्या व फुलण्याच्या वेळा इथल्या ऋतूंशी जुळतीलच असे नाही. एका ग्रॅममध्ये साधारण दीडशे बिया असतात, म्हणून घरच्या वाफ्यासाठी लहान पाकीट भरपूर होते. राखीव प्रेअरीतून किंवा उद्यानातून शेंगा तोडून आणू नयेत. तिथे ते निषिद्ध असते.

किमान पाच झाडे होतील इतकी तयारी करावी. या जातीत एका झाडाचा पराग त्याच झाडावर सहसा फळत नाही. एकटे झाड फुलते, मधही देते, पण शेंगा जवळजवळ धरत नाही. आणि पाच झाडांचा घोळका उडत्या फुलपाखराला एकट्या झाडापेक्षा सहज दिसतो.

रोप विकत घेणार असाल तर विक्रेत्याला एकच प्रश्न स्पष्ट विचारावा: या रोपाला किंवा त्याच्या मातीला इमिडाक्लोप्रिडसारखे निओनिकोटिनॉइड कीटकनाशक दिले आहे का? ही द्रव्ये मुळांतून शोषली जाऊन पानांत, परागात आणि मधात उतरतात. ज्या कीटकांसाठी आपण हे झाड लावतो, त्यांनाच ती मारतात. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रोप कितीही डेरेदार असले तरी ते परत ठेवावे.

टप्पा ५: बियांना हिवाळा देणे

सर्वाधिक अपयश या टप्प्यावर येते, म्हणून तो सावकाश वाचावा.

प्रेअरीत शेंग शरद ऋतूत फुटते. बी त्याच वेळी रुजले तर कोवळे रोप बर्फात मरेल, म्हणून ओल्या थंडीचा काळ संपेपर्यंत बी उगवण रोखून धरते. ही रोख उठण्यासाठी ओल आणि थंडी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळाव्या लागतात. इथे या क्रियेला स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात. आपण तिला शीतसंस्कार म्हणू. कोरडे पाकीट महिनाभर फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे शीतसंस्कार झाला, ही समजूत चुकीची आहे. तशा ठेवण्याने बी फक्त चांगले टिकते. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केले होते आणि साठ बियांतून केवळ दोन रोपे हाती आली होती.

शीतसंस्काराचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग निसर्गावर सोपवण्याचा. नोव्हेंबरमध्ये, माती गार झाल्यावर पण गोठण्यापूर्वी, तयार केलेल्या जागेवर बी पेरावे, पाव इंच माती लोटावी, पायाने किंवा फळीने घट्ट दाबावे आणि वर बारीक तारेची जाळी अंथरावी, नाहीतर खारी आणि पक्षी वाटा घेतात. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकाव्यात. यानंतर मे महिन्यापर्यंत काहीही करायचे नाही. ज्यांची जागा आदल्या उन्हाळ्यात व्यवस्थित साफ झाली आहे, त्यांना मी हाच मार्ग सुचवीन, कारण या रोपाचे मूळ मग कधीच हलवावे लागत नाही.

दुसरा मार्ग फ्रीजचा आहे, आणि बी थोडे असेल तर तो अधिक खात्रीचा ठरतो.

१. फेब्रुवारीच्या अखेरीस स्वच्छ, बारीक वाळू घ्यावी आणि तिला वापसा येईल इतकेच पाणी द्यावे. मूठ आवळल्यावर वाळूचा गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये.

२. बियांच्या तिप्पट-चौपट वाळू घेऊन त्यात बी मिसळावे आणि बंद होणाऱ्या पिशवीत भरावे. पिशवीवर वनस्पतीचे नाव आणि तारीख लिहावी. मोहरीची पुडी समजून कोणी ती हलवू नये म्हणून घरातील सर्वांना सांगूनही ठेवावे.

३. पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, १ ते ५ अंश सेल्सिअस, म्हणजे ३४ ते ४१ अंश फॅरनहाइट तापमानाला, किमान ३० दिवस ठेवावी. मी सहसा ४० दिवस ठेवते. फ्रीजरमध्ये ठेवू नये. गोठलेल्या ओलीत ही क्रिया पुढे सरकत नाही.

४. दर आठवड्याला पिशवी उघडून पाहावी. वाळू कोरडी वाटल्यास पाण्याचा हलका फवारा द्यावा. बुरशी दिसल्यास बी चाळून, धुऊन नव्या वाळूत घालावे.

तपासणी: मुदत पूर्ण होण्याआधीच पांढरे मोड दिसू लागले, तर उरलेल्या दिवसांची वाट न पाहता ते बी लगेच पेरावे. मुदत संपल्यावर बी वाळवू नये; वाळूसकटच पेरावे.

टप्पा ६: कुंडीतील पेरणी

फ्रीजमधील बी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावे. या रोपाला पहिल्या आठवड्यांतच गाजरासारखे सोटमूळ फुटते, म्हणून भाजीच्या रोपांचे उथळ ट्रे इथे निरुपयोगी ठरतात. किमान पाच-सहा इंच खोल, तळाला छिद्रे असलेली अरुंद कुंडी घ्यावी. रोपांसाठीच्या तयार मिश्रणात चौथा हिस्सा परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके, पांढरे खनिज दाणे) मिसळावे, प्रत्येक कुंडीत दोन-तीन बिया पाव इंच खोल टोचाव्यात आणि वरून हलके दाबावे.

२० ते २५ अंश सेल्सिअस उबेत एक ते तीन आठवड्यांत उगवण होते. उगवल्यावर उजेड कमी पडला तर रोपे उंच, पिवळट आणि लुळी होतात. नुसत्या खिडकीचा उजेड बहुधा पुरत नाही. रोपांच्या शेंड्यांपासून दोन-तीन इंचांवर दिवा टांगून तो रोज १४ तास चालू ठेवावा. पाणी कुंडीखालच्या ताटलीतून द्यावे, अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाकावे आणि वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. सतत ओल्या मातीत रोपांच्या माना जमिनीलगत काळ्या पडून ती आडवी होतात, आणि मग त्यावर उपाय नसतो.

विरळणी करताना जास्तीची रोपे उपटू नयेत, कात्रीने कापावीत. उपटताना शेजारचे मूळ दुखावते.

टप्पा ७: बाहेर लावणे

शिकागोच्या आसपास मेच्या मध्यानंतर सहसा रोपे गोठवणारे दहिवर (फ्रॉस्ट) पडत नाही. त्यानंतर आठवडाभर रोपांना रोज थोडे अधिक ऊन व वारा देऊन सरावू द्यावे आणि मेच्या अखेरीस, पानांच्या तीन-चार जोड्या असताना, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लावावे. याहून उशीर केल्यास मूळ कुंडीच्या तळाशी वेटोळे घालते आणि पुढे कधीच सरळ खाली जात नाही.

दोन रोपांत १२ ते १८ इंच अंतर ठेवावे. खड्डा मुळापेक्षा थोडा खोल करावा, कुंडी उलटी धरून मातीचा गड्डा अखंड बाहेर काढावा आणि रोप कुंडीत होते त्याच पातळीवर बसवावे. खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट किंवा दाणेदार खत घालू नये. सुपीक मातीत हे झाड भराभर वाढून आडवे पडते, आणि खताचा खरा फायदा शेजारच्या तणाला होतो. खोडाभोवती लाकडाच्या चुऱ्याचे जाड आच्छादनही घालू नये. त्याने बुंधा ओला राहतो आणि जमिनीत बीळ करून राहणाऱ्या देशी मधमाश्यांचा मार्ग बंद होतो.

सावधान: जागा पक्की ठरल्याशिवाय लावू नये. दोन-तीन वर्षांचे झाड उपटून दुसरीकडे नेता येत नाही. सोटमूळ तुटते आणि झाड बहुधा मरते.

टप्पा ८: पहिला उन्हाळा

पहिल्या हंगामात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, माती खोलवर भिजेल असे, साधारण एक इंच पाणी द्यावे. रोज थोडेथोडे पाणी दिल्यास मूळ वरच्या थरातच रेंगाळते. दुसऱ्या वर्षापासून दीर्घ दुष्काळ सोडल्यास पाणी देऊच नये.

रोप वर सहा-आठ इंचांचेच राहील आणि फूल येणार नाही. हे अपयश नव्हे. बियांपासून वाढवलेले झाड दुसऱ्या, पुष्कळदा तिसऱ्या वर्षी फुलते. या काळात खरे काम तणाचे असते: रोपाजवळचे तण ओढून काढण्याऐवजी जमिनीलगत कापावे, म्हणजे कोवळे मूळ हलत नाही.

टप्पा ९: हिवाळा आणि दुसरा वसंत

शरद ऋतूत झाड वाळले की काड्या कापून वाफा स्वच्छ करण्याचा मोह आवरावा. उभी काडी हीच वसंतातली खूण असते. तरीही शेजारी लोखंडी किंवा बांबूची खुंटी ठोकून ठेवावी, कारण बर्फाखाली काडी मोडू शकते.

आता मे महिन्यातील गैरसमजाकडे वळू. बटरफ्लाय मिल्कवीड सर्वांत उशिरा जागे होणाऱ्या झाडांपैकी आहे. एप्रिलमध्ये ट्युलिप फुलून जातात, शेजारची प्रेअरीची झाडे वीतभर होतात, तरी इथे माती रिकामीच दिसते. मेचा मध्य उलटल्यावर जांभळट कोंब वर येतात. जून महिन्याचे पहिले दोन आठवडे संपेपर्यंत त्या खुंटीभोवती खुरपेही लावू नये.

टप्पा १०: पानांवरचे कीटक ओळखणे

जुलैत शेंड्यांवर पिवळा धमक मावा दाटतो. तो दिसायला वाईट असला तरी रुजलेले झाड त्याने सहसा मरत नाही. हात लावण्यापूर्वी पानांची मागची बाजू पाहावी: टाचणीच्या डोक्याएवढे, एकेकटे, दुधाळ रंगाचे अंडे मोनार्कचे असू शकते. अंडी किंवा काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या असतील तर त्या फांदीला हात लावू नये. नसतील तर पाण्याच्या जोरदार धारेने मावा पाडावा. साबणाचे पाणी, कडुलिंबाचे तेल किंवा कोणतेही कीटकनाशक या झाडावर फवारू नये. सेंद्रिय म्हणून विकले जाणारे बीटी हे जिवाणूपासूनचे कीटकनाशक सुद्धा अळ्यांना मारते. घरी डासांसाठी अंगणभर फवारणी करणारी सेवा लावली असेल, तर ती बंद केल्याशिवाय या लागवडीला अर्थ उरत नाही.

पाने कुरतडलेली पाहून अनेकांना वाईट वाटते, पण मोनार्कची अळी मिल्कवीडखेरीज दुसरे काहीच खात नाही, त्यामुळे ती कुरतड हवीच आहे. बटरफ्लाय मिल्कवीडची पाने खरखरीत असल्याने मोनार्क मादी अंड्यांसाठी कॉमन किंवा स्वॅम्प मिल्कवीडला अधिक पसंती देते, हेही लक्षात ठेवावे. केशरी फुलांचा मध मात्र भुंग्यांसारख्या मोठ्या देशी माश्या, स्वॅलोटेल फुलपाखरे आणि गुंजन पक्षी असे सर्व जण घेतात. म्हणून अळ्यांसाठी एखादे स्वॅम्प मिल्कवीड, ऑगस्टसाठी ब्लेझिंग स्टार, आणि सप्टेंबरमध्ये मेक्सिकोकडे निघालेल्या मोनार्कसाठी देशी अ‍ॅस्टर व गोल्डनरॉड जवळ लावावेत.

टप्पा ११: शेंगा आणि पुढचे बी

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या सुमारास बोटाएवढ्या उभ्या शेंगा तयार होतात. हिरवी शेंग तोडू नये. आतले पांढरे बी कधीच उगवत नाही. शेंग पिवळट-करडी झाल्यावर शिवणीवर अंगठा हलका दाबावा. ती सहज उकलली आणि बी तपकिरी दिसले, तरच काढावी. रोज लक्ष ठेवणे शक्य नसेल तर शेंगेभोवती रबर बांधावे किंवा जाळीची पिशवी चढवावी, नाहीतर एका दुपारच्या वाऱ्यात सगळ्या म्हाताऱ्या उडून जातात.

रुईची शेंग सोलल्याचे आठवत असेल तर कापूस घरभर कसा पसरतो हे वेगळे सांगायला नको. त्यावर सोपा उपाय आहे: शेंग नुकतीच उकलली असताना, तुरा फुलण्यापूर्वी, आतल्या रेशमी धाग्यांचे टोक चिमटीत घट्ट धरावे आणि दुसऱ्या हाताने बिया खाली ओढाव्यात, त्या ओळीने सुटून पडतात. बी दोन आठवडे कागदी पिशवीत वाळवावे, वर्ष लिहावे आणि हवाबंद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवावे. त्याच वर्षी पेरायचे असल्यास ते नोव्हेंबरमध्ये थेट जमिनीत टाकता येते, मात्र जागा जूनमध्येच झाकून ठेवलेली असली पाहिजे.